यादीतले एकेक गाव नेमके सापडावे म्हणून: सांगलीतील एका शोध-प्रकल्पाच्या नोंदी

सांगली जिल्ह्यात हळद शिजवून देणारे कुकरवाले, पॉलिशवाले, भाड्याने मिळणाऱ्या बेदाणा शेड आणि कोल्ड स्टोरेज यांची एक सूची मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी तयार करीत आहे. शेतकऱ्याने आपले गाव आणि हवी ती सेवा टाकायची आणि त्या गावापर्यंत येणारे सेवादार त्याला दिसावेत, एवढेच काम आहे. सूची सुमारे चारशे नोंदींची आहे. प्रत्येक नोंदीत ‘सेवा’ आणि ‘गावे’ अशी दोन यादी-फील्ड आहेत, आणि खाली ज्या अडचणी लिहिल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या या दोन फील्डांतून उद्भवल्या. शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे शोध-सॉफ्टवेअर (पुढे ‘इंजिन’) वापरले आहे.

२२ जानेवारी २०२४

चार जीबी मेमरीचा सर्व्हर भाड्याने घेतला; भाडे महिना सुमारे अठराशे रुपये पडते. इलॅस्टिकसर्चची आठवी आवृत्ती बसवली. ती पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही, कारण यंत्रणेची मेमरी-मॅपची मर्यादा तिला लागते त्या २६२१४४ या आकड्यापेक्षा कमी होती. तो आकडा वाढवल्यावर सेवा सुरू झाली. इंडेक्सची, म्हणजे शोधासाठी रचलेल्या नोंदींच्या साठ्याची, स्थिती मात्र पिवळी दिसत राहिली. सर्व्हर एकच असताना साठ्याच्या राखीव प्रतींची संख्या एक ठेवली, तर ती प्रत ठेवायला दुसरी जागाच नसते. प्रतींची संख्या शून्य केली आणि स्थिती हिरवी झाली. एक संध्याकाळ एवढ्यात गेली.

२७ जानेवारी

कंपनीच्या कार्यालयात नोंदी भरणाऱ्या ताईंकडून एक्सेलची फाइल मिळाली. मॅपिंग, म्हणजे कोणते फील्ड कोणत्या प्रकारचे हे सांगणारा आराखडा, स्वतः न लिहिता मी ती तशीच इंडेक्समध्ये ओतली. पुढच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ याच निर्णयात आहे, म्हणून तो नीट सांगतो. इलॅस्टिकसर्चमध्ये यादी असा वेगळा प्रकार नसतो. कोणत्याही फील्डमध्ये एक मूल्य ठेवा किंवा पन्नास ठेवा, ती सगळी एकाच प्रकारची असली की पुरे. मॅपिंग दिले नाही तर अक्षरी मूल्यांचे फील्ड ‘टेक्स्ट’ प्रकारचे होते आणि त्याला ‘कीवर्ड’ नावाचे एक उपफील्ड आपोआप जोडले जाते. टेक्स्ट फील्डमध्ये प्रत्येक मूल्याचे शब्दशब्द तुकडे होतात आणि यादीतल्या सगळ्या मूल्यांचे तुकडे एकाच ढिगात जातात. कोणता शब्द कोणत्या गावाचा होता, हे साध्या मॅच क्वेरीला, म्हणजे शब्द जुळवणाऱ्या शोध-विनंतीला, त्यानंतर कळत नाही.

हे मी वाचलेले होते. चारशे नोंदींत असा काय फरक पडणार, असे मला वाटले.

६ फेब्रुवारी

चाचणीसाठी पान खुले केले आणि कंपनीच्या सभासदांपैकी काहींना वापरायला दिले. दुपारी कार्यालयात कवठे महांकाळकडचे एक वयस्कर आण्णा आले. त्यांना द्राक्षे सुकवायला शेड हवी होती. त्यांनी माझ्यासमोर खुर्चीवर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटाने ‘कवठे महांकाळ’ असे सावकाश टाइप केले. पडद्यावर चार नावे आली. पहिली दोन कवठे एकंदची होती, पुढची दोन कवठे पिरानची.

“आवं साहेब, आमचं कवठं महांकाळ. हे एकंद तासगावच्या अंगाला अन् पिरान मिरज तालुक्यात. माल भरून मी कुठं जायचं?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी त्या नोंदीवर विसंबून टेम्पो ठरवला असता, तर भाड्याचा भुर्दंड त्यांना बसला असता. आमच्याकडे कवठे महांकाळच्या शेडच्या नोंदी होत्या, तरी त्या आल्या नाहीत. रात्री शोध घेतला तेव्हा दोन दोष एकमेकांवर चढलेले आढळले. ताईंनी त्या नोंदींत गावाचे नाव ‘कवठेमहांकाळ’ असे जोडून लिहिले होते, म्हणून तो एकच शब्द झाला आणि सुट्या ‘कवठे’शी किंवा ‘महांकाळ’शी तो जुळला नाही. शिवाय मॅच क्वेरी मुळात ‘यांपैकी कोणताही शब्द’ अशा पद्धतीने चालते, त्यामुळे केवळ ‘कवठे’ या शब्दावर एकंद आणि पिरान दोन्ही वर आले.

आण्णांना मी फोन करून योग्य शेडचा पत्ता दिला. पान त्याच रात्री बंद केले.

८ फेब्रुवारी

पहिला उपाय म्हणून क्वेरीचा ऑपरेटर ‘अँड’ केला, म्हणजे टाकलेले सगळे शब्द नोंदीत असलेच पाहिजेत. दोन दिवस हे पुरेल असे वाटले. मग ताईंनी तासगाव तालुक्यातील एक उदाहरण आणून दिले. त्या तालुक्यात नागाव नावाची दोन गावे आहेत आणि ओळख पटावी म्हणून त्यांना नागाव कवठे आणि नागाव निमणी असे म्हणतात. निमणी हे गावही वेगळे आहे. एका पॉलिशवाल्याच्या यादीत ‘नागाव कवठे’ आणि ‘निमणी’ ही दोन गावे होती. ‘नागाव निमणी’ शोधले तरी तो सापडत होता, कारण ‘नागाव’ हा शब्द पहिल्या मूल्यातून मिळाला आणि ‘निमणी’ दुसऱ्यातून. दोन्ही शब्द एकाच मूल्यात असावेत, अशी अट ‘अँड’ घालतच नाही. तो संपूर्ण फील्ड पाहतो.

सेवांतही तेच होते. ज्याच्याकडे ‘हळद पावडर’ आणि ‘मिरची कांडप’ आहे, तो ‘मिरची पावडर’ शोधणाऱ्यालाही दिसत होता.

१० फेब्रुवारी

शब्द लागोपाठ आले पाहिजेत म्हणून ‘मॅच फ्रेज’ क्वेरी वापरली. यादीतल्या दोन मूल्यांच्या मध्ये इलॅस्टिकसर्च शंभर स्थानांचे अंतर सोडते, त्यामुळे एका गावाचा शेवटचा शब्द आणि पुढच्या गावाचा पहिला शब्द शेजारी-शेजारी मानले जात नाहीत. या अंतराला ‘पोझिशन इन्क्रिमेंट गॅप’ म्हणतात आणि शंभर हा त्याचा मूळ आकडा आहे. तरीही माझ्या इंडेक्समध्ये ज्याच्या यादीत ‘नागाव’ आणि त्याच्यामागे ‘निमणी’ होते, असा एक सेवादार ‘नागाव निमणी’ या शोधात येत राहिला.

अंतराचा आकडा मी एक हजारपर्यंत वाढवून पाहिला, इंडेक्स तीनदा नव्याने बांधला आणि पूर्ण दिवस त्यात घालवला. दोष दुसरीकडेच होता. शेवटी मी कच्ची नोंद उघडून पाहिली तेव्हा दिसले की, गावांचे फील्ड यादी नव्हतेच. एक्सेलच्या एका चौकटीत ताईंनी स्वल्पविराम देऊन गावे लिहिली होती आणि मी ती चौकट तशीच, एक सलग ओळ म्हणून, इंडेक्समध्ये टाकली होती. इंजिनच्या दृष्टीने ते एकच मूल्य होते. स्वल्पविरामाला स्थान नसते, म्हणून ‘नागाव’ आणि ‘निमणी’ खरोखरच शेजारी होते. शंभरचे अंतर यादीतल्या दोन वेगळ्या मूल्यांमध्येच पडते.

हे काम करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक नोंद उघडून चौकोनी कंस आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहावे. मी ते तिसऱ्या आठवड्यात पाहिले.

१३ ते १५ फेब्रुवारी

ओळीचे तुकडे करण्यासाठी इन्जेस्ट पाइपलाइन, म्हणजे नोंद साठण्याआधी तिच्यावर चालणारी प्रक्रियांची साखळी, लिहिली. तिच्यातला ‘स्प्लिट’ हा प्रोसेसर दिलेल्या रेग्युलर एक्सप्रेशनवर, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यावर, ओळ तोडतो आणि ‘ट्रिम’ कडेच्या मोकळ्या जागा काढतो. नोंदी भरताना सगळ्यांनी स्वल्पविराम वापरलेला नव्हता. कोणी तिरकी रेघ दिली होती, कोणी ‘खानापूर व विटा’ असे लिहिले होते, कोणी ‘आणि’ लिहिले होते. मी घाईत तोडण्याच्या खुणांत नुसता ‘व’ घातला, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी ही अट घातली नाही. परिणामी ‘कवठे’चे ‘क’ आणि ‘ठे’ झाले आणि ‘वाळवा’चा तर ओळखता येईल असा भागच उरला नाही. चारशे नोंदी पुन्हा ओतल्या.

दुसरा त्रास कंसांचा झाला. ‘नागाव (कवठे, ता.तासगाव)’ अशा नोंदींत कंसाच्या आतला स्वल्पविरामही तुटत होता. कंस ओळखणारे एक्सप्रेशन लिहिण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आणि अशा चौदा नोंदी ताईंनी व मी हाताने दुरुस्त केल्या. चाळीस मिनिटे लागली. एक्सप्रेशनवर त्याआधी तीन तास गेले होते.

तिसरा त्रास दोन स्वल्पविराम लागोपाठ आल्यामुळे झाला. त्यांच्यामधून रिकामे मूल्य तयार होते आणि रिकामे अक्षरमूल्य हे इंजिनच्या लेखी खरे मूल्य असते. रिकामी यादी किंवा नल (‘मूल्य नाही’ अशी खूण) असेल तर फील्ड नाही असे धरले जाते, पण रिकाम्या अवतरणचिन्हांना तो नियम लागू होत नाही. गावांच्या ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यांत वर एक कोरी ओळ दिसू लागली ती यामुळे. लागोपाठच्या खुणा एकच मानाव्यात, असा बदल केल्यावर ती गेली.

याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली, जी देवनागरीत काम करणाऱ्याला उपयोगी पडेल. ‘ता. तासगाव’ असे जागा सोडून लिहिले तर प्रमाण टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, ‘ता’ आणि ‘तासगाव’ असे दोन तुकडे करतो. ‘ता.तासगाव’ असे जोडून लिहिले तर दोन अक्षरांच्या मधला पूर्णविराम शब्द तोडत नाही आणि ‘ता.तासगाव’ हा एकच तुकडा राहतो. मग ‘तासगाव’ शोधणाऱ्याला ती नोंद कधीच मिळत नाही. ‘मु.पो.’, ‘जि.सांगली’ यांचेही तसेच. तुकडे कसे पडतात ते ‘अॅनालाइझ’ या सोयीने लगेच पाहता येते. मी ते प्रत्येक संशयास्पद नावासाठी पाहू लागलो तेव्हापासून वेळ वाचू लागला.

१९ फेब्रुवारी

यादी आता खरी यादी झाली, तरी फ्रेज क्वेरीने प्रश्न पूर्ण सुटला नाही. ‘खानापूर’ शोधले तर ‘खानापूर रोड’ असे मूल्य असलेली नोंदही येते, कारण फ्रेज मूल्याच्या आत कुठेही बसली की जुळली असे मानले जाते. आम्हाला हवे होते ते पूर्ण मूल्याशी जुळणे. त्यासाठी कीवर्ड फील्ड आणि टर्म क्वेरी हीच योग्य जोडी आहे. कीवर्ड फील्ड मूल्याचे तुकडे करीत नाही आणि टर्म क्वेरी यादीतले कोणतेही एक मूल्य अक्षरशः तेच असेल तर ती नोंद देते.

‘गावे’ला मी ‘नेमके’ नावाचे नवे कीवर्ड उपफील्ड जोडले. शोध घेतला तर एकही नोंद आली नाही. चालू इंडेक्समध्ये उपफील्ड जोडता येते, पण आधीपासून असलेल्या नोंदींना ते आपोआप लागू होत नाही. त्या नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्या लागतात. ‘अपडेट बाय क्वेरी’ चालवल्यावर निकाल आले. असलेल्या फील्डचा प्रकार तर बदलताच येत नाही, त्यासाठी नवा इंडेक्स करून रीइंडेक्स करावे लागते. म्हणून आजपासून पान थेट इंडेक्सच्या नावाशी न जोडता एलियासशी, म्हणजे इंडेक्सच्या टोपणनावाशी, जोडले आहे. नवा इंडेक्स तयार झाला की एलियास तिकडे वळवायचा आणि वापरणाऱ्याला काही कळत नाही.

२१ फेब्रुवारी

कडेगाव तालुक्यातील बरेच सेवादार कऱ्हाडपर्यंत जातात. ‘कऱ्हाड’ शोधले तर अकरापैकी चारच नोंदी आल्या. उरलेल्या सात नोंदींतही डोळ्यांना ‘कर्‍हाड’ हेच दिसत होते. दोन्ही शब्द शेजारी ठेवून मोठे करून पाहिले, अक्षराच्या वळणात मला फरक दिसेना.

फरक आतल्या संकेतांत होता. एक ‘ऱ’ हे यू+०९३१ या स्वतंत्र संकेताने लिहिले होते. दुसरे साधे ‘र’, त्यानंतर हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत, म्हणजे यू+२००डी, असे लिहिले होते. ताईंचा संगणक आणि सेवादारांचे फोन यांचे कळफलक वेगळे असल्यामुळे दोन्ही प्रकार फाइलमध्ये आले. युनिकोडचे प्रमाण रूपांतर या दोघांना एक मानत नाही.

त्यासाठी आयसीयू हे युनिकोड हाताळणारे प्लगइन बसवले. ते वेगळे बसवावे लागते आणि त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. त्याचा नॉर्मलायझर, म्हणजे लेखन एकसारखे करणारा भाग, न दिसणारा जोडसंकेत काढून टाकतो, एवढे वाचून मी खूश झालो, पण निकाल तसाच राहिला. जोडसंकेत काढल्यावर दुसऱ्या प्रकारातून उरते ते ‘कर्हाड’, म्हणजे ‘ह’वर रफार असलेला शब्द, आणि तो ‘कऱ्हाड’ नव्हेच. आधी ‘र, हलन्त, जोडसंकेत’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवणारा मॅपिंग फिल्टर हवा आणि त्याच्यानंतर आयसीयूचा क्रम हवा. मी दोन्ही घातले होते, पण उलट क्रमाने. क्रम बदलताच अकराही नोंदी आल्या.

‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचेही असेच. एक ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेले आहे, दुसरे यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि प्रमाण रूपांतरात ते एक होत नाहीत. त्यांचीही मॅपिंग फिल्टरमध्ये एक ओळ वाढवली. अंकांसाठी ‘डेसिमल डिजिट’ हा तयार फिल्टर लावला. तो ‘५’ला इंग्रजी पाचात बदलतो, त्यामुळे कोणत्याही लिपीत अंक टाकला तरी चालते. हे सगळे कीवर्ड फील्डच्या नॉर्मलायझरमध्ये बसवले. टर्म क्वेरीत टाकलेल्या शब्दालाही तोच नॉर्मलायझर लागतो, त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात.

२६ फेब्रुवारी

या दिवशी मी चालू काम बिघडवले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होत्या, म्हणून ‘निमणि’ लिहिले तरी ‘निमणी’ सापडावे या हेतूने नॉर्मलायझरमध्ये हिंदीसाठीचा तयार फिल्टर घातला. शोध सुधारला. पण गावांचे ड्रॉपडाउन त्याच फील्डच्या ॲग्रिगेशनवरून, म्हणजे त्यातल्या मूल्यांच्या मोजणीवरून, भरले जाते आणि ॲग्रिगेशन मूळ मूल्य दाखवत नाही, नॉर्मलाइझ झालेले मूल्य दाखवते. सकाळी ताईंचा फोन आला, “दादा, आपल्या पानावर सांगलीची वेलांटी कुणी बदलली?”

पान उघडले तर ‘सांगलि’, ‘कसबे डिगरज’, ‘हळद पोलिश’, ‘बेदाणा परतवारि’ अशी नावे दिसत होती. तो फिल्टर दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करतो, हलन्त काढून टाकतो आणि ‘ॉ’चा ‘ो’ करतो. हिंदी शब्दांच्या शोधात आतल्या आत तुलना करण्यासाठी हे ठीक असेल. माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवायला नाही. ज्या मराठी माणसाने आपल्या गावाचे नाव असे वाचले, त्याला आपण काळजीने काम करतो यावर विश्वास बसणार नाही, आणि तो बसू नये हेच योग्य आहे.

फिल्टर काढला. दाखवण्यासाठी मूळ मूल्याचे एक कीवर्ड आणि जुळवण्यासाठी नॉर्मलायझर लावलेले दुसरे, असे दोन उपफील्ड वेगळे केले. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

४ मार्च

‘कवठे महांकाळ’, ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महाकाळ’, ‘क. महांकाळ’. एकाच गावाची चार लेखने सूचीत होती. नॉर्मलायझर अक्षरापुरते काम करतो, समानार्थी शब्दांचा फिल्टर त्यात चालत नाही. मी दोन दिवस लेखनांच्या जोड्या लिहिण्यात घालवले आणि थांबलो. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज ही दोन वेगळी गावे आहेत. नुसते ‘डिग्रज’ लिहिले असेल तर ते यांपैकी कोणते, हे कोणत्याही फिल्टरला सांगता येणार नाही. ते त्या सेवादारालाच विचारावे लागते.

म्हणून गावांच्या यादीत नावे ठेवणे बंद केले. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक असतो. आता यादीत तो क्रमांक जातो. पानावर माणूस नाव टाइप करू लागला की सूचना दिसतात, त्यात गावासमोर तालुका लिहिलेला असतो, आणि त्याने निवड केली की शोध क्रमांकावर चालतो. क्रमांक असूनही फील्ड कीवर्ड प्रकारचे ठेवले आहे, कारण त्यावर कमी-जास्तीची तुलना कधी करायची नाही, फक्त नेमके जुळवायचे आहे.

ताईंनी सहा दिवस बसून एकूण एकशे नव्वद सेवादारांना फोन केले आणि गावे पक्की करून घेतली. या प्रकल्पातील सर्वांत मोठे काम त्यांचे आहे.

११ मार्च

हळदीचा हंगाम भरात आहे आणि कुकर मिळेनासे झाले आहेत. पान पुन्हा खुले केल्यावर कसबे डिग्रजकडच्या एका सेवादाराला तासगावहून आठ फोन गेले. त्याचा कुकर फक्त कसबे डिग्रज आणि कर्नाळपर्यंत जातो. पॉलिशचा ड्रम मात्र तासगाव आणि कवठे एकंदपर्यंत जातो. आमच्या नोंदीत सेवांची एक यादी आणि गावांची दुसरी यादी, अशा दोन सुट्या याद्या होत्या. ‘हळद शिजवणे’ आणि ‘तासगाव’ या दोन्ही अटी त्याची नोंद पूर्ण करीत होती, म्हणून तो दिसत होता.

मी सेवा आणि तिची गावे यांना एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गटात, ठेवले आणि अशा ऑब्जेक्टची यादी केली. तरी फोन थांबले नाहीत. साध्या ऑब्जेक्टची यादी इंजिन आत सपाट करते: सगळ्या सेवा एकत्र, सगळी गावे एकत्र. आपण एकत्र ठेवलेली जोडी तिथे पुन्हा सुटते. ती टिकवायची तर मॅपिंगमध्ये त्या फील्डचा प्रकार ‘नेस्टेड’ असा द्यावा लागतो आणि शोधही नेस्टेड क्वेरीने करावा लागतो.

त्यातही एक चूक केली. सेवेसाठी एक नेस्टेड क्वेरी आणि गावासाठी दुसरी नेस्टेड क्वेरी लिहून दोघींना ‘मस्ट’ने, म्हणजे दोन्ही जुळल्याच पाहिजेत अशा रीतीने, जोडले. पहिली कुकरच्या ऑब्जेक्टवर जुळली, दुसरी पॉलिशच्या ऑब्जेक्टवर, आणि निकाल पूर्वीसारखाच चुकीचा आला. दोन्ही अटी एकाच नेस्टेड क्वेरीच्या पोटात असतील तरच त्या एकाच ऑब्जेक्टला लागू होतात. ही दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण ती सापडेपर्यंत त्या सेवादाराला आणखी पाच फोन गेले होते. त्यांच्याकडे जाऊन मी दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांच्या समोरच त्यांच्या फोनवर शोध घेऊन दाखवला.

१३ मार्च

इंडेक्सच्या यादीत नोंदींची संख्या अचानक तेराशेच्या वर दिसली. नोंदी दुहेरी झाल्या असे समजून मी रात्री सगळा इंडेक्स पुसून पुन्हा भरला, तरी आकडा तोच. नेस्टेड यादीतले प्रत्येक ऑब्जेक्ट आतमध्ये स्वतंत्र छुपा दस्तऐवज म्हणून साठवले जाते आणि ‘कॅट’ या आदेशाने दिसणारी यादी तेही मोजते. ‘काउंट’ने मोजले तर चारशे सहाच होते. तीन तास वाया गेले.

१९ मार्च

तीन गोष्टी एकत्र दुरुस्त केल्या.

पहिली क्रमवारीची. वाटेल त्या गावाला जाणारे मोठे सेवादार खाली जात होते आणि दोनच गावे दिलेले वर येत होते. टेक्स्ट फील्डवर गुण देताना इंजिन फील्डची लांबी विचारात घेते; लांब यादीला तेवढ्याच जुळणीचे गुण कमी मिळतात. लेखाच्या शोधात त्यात अर्थ आहे, गावांच्या यादीत नाही. गाव आणि सेवा या दोन्ही अटी आता ‘फिल्टर’मध्ये आहेत, तिथे गुण मोजलेच जात नाहीत, आणि क्रम शेवटच्या खातरजमेच्या तारखेवरून लागतो.

दुसरी, शिजवणे आणि पॉलिश या दोन्ही सेवा एकाच माणसाकडून हव्या असलेल्या शेतकऱ्याची. मी ‘टर्म्स’ क्वेरीत दोन्ही मूल्ये दिली होती आणि ती ‘यांपैकी कोणतेही’ असे समजते. आता प्रत्येक सेवेसाठी वेगळी नेस्टेड क्वेरी आहे, प्रत्येकीत गावाची अट आहे आणि दोघी फिल्टरमध्ये आहेत. ११ तारखेला जे चूक ठरले, ते इथे बरोबर आहे, कारण या दोन सेवा दोन वेगळ्या ऑब्जेक्टमध्येच असणार.

तिसरी ड्रॉपडाउनची. ॲग्रिगेशन मुळात दहाच मूल्ये देते, म्हणून अकरावे गाव दिसत नव्हते, संख्या वाढवली. तालुका निवडला तरी बाहेरची गावे दिसत होती, कारण जुळलेल्या नोंदीच्या यादीतली सगळीच मूल्ये मोजली जातात. त्या तालुक्यातील गावांचे क्रमांक ‘इन्क्लूड’मध्ये दिल्यावर यादी स्वच्छ झाली. गावांपुढच्या आकड्यांची बेरीज एकूण नोंदींपेक्षा जास्त का, असे ताईंनी विचारले. एक सेवादार अनेक गावांत मोजला जातो, त्यामुळे तसे होणारच. आकड्यांशेजारी तशी ओळ लिहून ठेवली.

३ एप्रिल

या दुरुस्त्यांना दोन आठवडे झाले. चुकीच्या गावाचा एकही फोन या काळात आलेला नाही. आजवर सर्व्हरचे भाडे, ताईंच्या फोनचा रिचार्ज आणि दोन फेऱ्यांचे पेट्रोल धरून सुमारे साडेसात हजार रुपये खर्च झाले. माझे साधारण अकरा दिवस गेले, त्यांतले किमान पाच दिवस टाळता आले असते.

राहिलेले काम असे आहे. एखादे ‘फक्त पॉलिश’ करणारे ठिकाण शोधायची सोय नाही, त्यासाठी प्रत्येक नोंदीत सेवांची संख्या वेगळ्या फील्डमध्ये साठवून तिची अट लावावी लागेल. कोणत्या गावामुळे नोंद जुळली, तेही अजून पानावर दिसत नाही. नेस्टेड क्वेरीच्या ‘इनर हिट्स’मधून ते मिळते, पण मांडणी बाकी आहे. आज दुपारी कवठे महांकाळचे आण्णा पुन्हा आले होते. या वेळी त्यांना बेदाणा ठेवायला कोल्ड स्टोरेज हवे होते. त्यांनी ‘कवठे’ एवढेच टाइप केले, खाली आलेल्या तीन कवठ्यांपैकी आपले निवडले आणि चार नावे वाचून पहिल्याला फोन लावला.